अक्षरांतून धावणारी फिल्म

१९६६ : मरे हिल, न्यू जर्सी

दार नुसतं लोटलेलं आहे. आत शिरा. टेबलामागची खुर्ची रिकामी दिसते. तिच्यावर बसणारे एड डेव्हिड बाहेरगावी गेलेत. नेमकी ती संधी साधून त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑफिसची एक अख्खी भिंत कागदानं मढवून टाकली आहे. चांगली १२ फूट रुंद. भिंतीला नाक लागेल इतके जवळ जा. गणितातल्या खुणा, ट्रान्झिस्टरची चिन्हं, सर्किटच्या नकाशात येणाऱ्या बारक्या आकृत्या. हातभर सरका, पुन्हा तेच. अर्थ लावायचा प्रयत्न सोडून द्या. वाचावीत म्हणून ही चिन्हं छापलेलीच नाहीत.

आता मागे सरा. पाठ समोरच्या भिंतीला टेकली तरी अंतर पुरत नाही, म्हणून दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये जा आणि तिथून वळून बघा. चिन्हं गायब. भिंतीवर एक विवस्त्र स्त्री पहुडलेली आहे. ही डेबोरा हे नावाची नर्तकी. तिच्या छायाचित्रापासून हे चित्र तयार केलंय केन नोल्टन आणि लिऑन हार्मन या दोघांनी, आणि ही जागा म्हणजे टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था, बेल लॅब्ज.

कॉरिडॉरनं पुढे चला, यंत्रांच्या खोलीकडे. एअर कंडिशनिंगचा आवाज इतका, की बोलायचं तर ओरडावं लागेल. इथे आधी छायाचित्र स्कॅन झालं. प्रत्येक जागी उजेड किती, याचा एक आकडा ठरला आणि ते आकडे मॅग्नेटिक टेपवर गेले. मग कॉम्प्युटरनं प्रत्येक आकड्याच्या जागी एक चिन्ह निवडलं. अंधाऱ्या जागी जास्त शाई खाणारं, उजेडाच्या जागी कमी शाईचं. चिन्हाचा अर्थ कॉम्प्युटरनं विचारात घेतला नाही. किराणा दुकानदाराला गोणीवर काय छापलंय याच्याशी देणंघेणं नसतं, काटा कुठे थांबतो याच्याशी असतं, तसंच हे. भिंतीजवळ तुमचा गोंधळ झाला तो यामुळेच. तुम्ही वाचत होता, यंत्रानं मोजलं होतं.

साहेब परत येतील तेव्हा खूश होतील आणि धास्तावतीलही. जनसंपर्क खात्याचा निरोप असा येईल की चित्र हवं तर वाटा, पण संस्थेचं नाव त्याला चिकटू देऊ नका. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गच्या न्यू यॉर्कमधल्या स्टुडिओत पत्रकार परिषद होईल, हे चित्र तिथल्या भिंतीवर असेल, आणि ११ ऑक्टोबर १९६७ रोजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ ते छापेल. त्यानंतर त्याच खात्याचा सूर बदलेल: हे बेल लॅब्जमध्ये झालंय, हे लोकांना जरूर कळू द्या. १९६८ साली न्यू यॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट ते आपल्या प्रदर्शनात लावेल.

निघण्याआधी नोल्टनच्या टेबलाकडे एक नजर टाका. १९६३ सालीच त्यानं ‘बेफ्लिक्स’ नावाची प्रोग्रामिंग भाषा केली आहे, खास ॲनिमेशनपट बनवण्यासाठी. आडवे २५२ आणि उभे १८४ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला उजेडाच्या ८ पायऱ्या. म्हणजे चिन्हांचं चित्र आणि हलणारं चित्र, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर आहेत. दोन्हींची गाठ सामान्य माणसाच्या घरात पडायला मात्र अजून तीस वर्षं आहेत.

१९८२ : अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची टर्मिनल रूम

मध्यरात्र उलटून गेली आहे. ओळीनं मांडलेले टर्मिनल, प्रत्येकापुढे एक खुर्ची, बहुतेक रिकाम्या. हे ‘व्हीटी-१००’, डिजिटल इक्विपमेंट कंपनीनं १९७८ साली आणलेलं मॉडेल. सिनेमे बघून तुम्ही हिरव्या अक्षरांची अपेक्षा केली असेल. इथली पांढरट आहेत. बटण दाबलं की कट्ट असा आवाज येतो, तोही खरा नव्हे. कीबोर्डात बसवलेला छोटा स्पीकर तो काढतो.

स्क्रीनवर २४ ओळी, ओळीत ८० अक्षरं. एवढीच जमीन. चित्र नावाची गोष्ट या यंत्राला माहीत नाही. खालच्या मजल्यावरच्या मोठ्या कॉम्प्युटरकडून तारेवाटे अक्षरं येतात आणि हे त्यांना ओळीत बसवतं. मात्र काही अक्षरसमूह छापले न जाता हुकूम म्हणून पाळले जातात. ‘एस्केप’ या संकेतानं सुरू होणारे. एक सांगतो, कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात ने. दुसरा सांगतो, स्क्रीन पूस. तिसरा सांगतो, बाराव्या ओळीच्या चाळिसाव्या घरात जा. एवढ्या तीन हुकुमांवर रात्री जागणाऱ्या पोरांनी सिनेमा उभा केला आहे.

कोपऱ्यातल्या मुलाच्या खांद्यावरून बघा. त्यानं एका साध्या टेक्स्ट फाइलचं नाव टाइप केलं, एंटर दाबलं. खालून एक ठिपका वर चढतो, थबकतो, फुटतो. फुल्या आणि चांदण्या चारी दिशांना उधळतात आणि एकेक करून विझतात. आतषबाजी. ही फाइल कुणीतरी हातानं लिहिली आहे, अक्षर अक्षर करून.

आता हिशेब करा, म्हणजे त्या अज्ञात माणसाची अक्कल कळेल. पूर्ण स्क्रीन म्हणजे ८० गुणिले २४, १,९२० अक्षरं. ही खोली कॉम्प्युटरला ९,६०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ९,६०० बिट वाहणाऱ्या तारेनं जोडलेली आहे. एका अक्षराला साधारण १० बिट लागतात, म्हणून सेकंदाला ९६० अक्षरं. एक स्क्रीन भरायला दोन सेकंद! घरून ३०० बॉडच्या मोडेमवर कुणी बसलं असेल तर एका स्क्रीनला मिनिटाहून जास्त. असल्या वेगात पूर्ण फ्रेमा पाठवून काहीच हलणार नाही. म्हणून आतषबाजीवाल्यानं पूर्ण फ्रेम पाठवलीच नाही. जिथे बदल झाला तेवढ्याच घरांत कर्सर नेला, जुनं अक्षर पुसलं, नवं ठेवलं. ठिपका एक घर वर सरकवायला त्याला मोजकी दहा-पंधरा अक्षरं पुरली.

आणि या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट आहे, म्हणजे खरं तर नाही. तिच्यात वेळ कुठेच लिहिलेला नाही. ठिपका किती वेगानं चढावा, हे तारेनं ठरवलं. लिहिणाऱ्यानं आपल्यासमोरच्या तारेचा वेग गृहीत धरला आणि त्यावर चित्राची लय बसवली. या फाइलची एक प्रत खिशात टाका. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

१९९१ : पुणे

पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅकच्या इमारतीत थोडा वेळ थांबू. अमेरिकी आतषबाजीशी पुण्याचा संबंध काय, असं वाटेल. संबंध तक्त्याचा आहे. अमेरिकी खोलीतली प्रत्येक फुली आणि चांदणी ज्या तक्त्यातून आली तो ‘ॲस्की’, पहिल्यांदा १९६३ साली ठरलेला. त्यात १२८ जागा. त्यांपैकी ३३ यंत्राला हुकूम द्यायला, उरलेल्या ९५ छापण्याजोग्या, रिकामी जागा धरून. चित्र काढायचं तर रंगपेटी एवढीच. त्या पेटीत देवनागरीचं एकही अक्षर नाही.

इथे त्यावर काम चालू आहे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्यात आलं आहे आणि साध्या पीसीत बसवायच्या कार्डाच्या रूपात विकलं जातंय; डॉसच्या मजकुरी पडद्यावर त्यामुळे भारतीय लिप्या उमटतात. याच वर्षी ‘इस्की’ हे भारतीय मानक जाहीर झालं आहे. त्याची युक्ती बघा: आठ बिटांच्या तक्त्यातल्या २५६ जागांपैकी खालच्या १२८ ॲस्कीला तशाच ठेवल्या आणि भारतीय लिप्यांना वरच्या अर्ध्या भागात घेतलं. इंग्रजी प्रोग्रामला धक्का नाही, मराठीला घर मिळालं. इथल्या कुणाच्या डोक्यात या अक्षरांनी चित्रं काढायचं नाही. बँकेची आणि सरकारी कचेरीची कामं अडली आहेत, ती आधी. तरी ध्यानात ठेवा, कुठली अक्षरं चित्राच्या कामी येणार हे चित्रकाराच्या आधी तक्ता ठरवतो.

१९९७ : चेक प्रजासत्ताक

आता घरगुती पीसी, लिनक्स, आणि टेबलाखाली स्पीकर. स्क्रीन काळी आहे. संगीत सुरू होतं आणि अक्षरांचा पूर लोटतो. आकार वितळतात, फ्रॅक्टलच्या कपारीत कॅमेरा आत आत जातो, मध्येच हा उद्योग करणाऱ्यांचे चेहरे उमटतात. हे सगळं आपोआप, चालता चालता, साध्या अक्षरांत. ‘बीबी’ नावाचा हा डेमो यान हुबिच्का आणि त्याच्या साथीदारांचा, आणि त्याच्या पोटात आहे त्यांचीच ‘एएलिब’ ही लायब्ररी. या स्क्रीनला खरे रंग आणि खरे पिक्सेल दाखवता येतात. अक्षरांवर यायची कुणी सक्ती केलेली नाही. हौस म्हणून आलेत.

हुबिच्काच्या खुर्चीमागे उभे राहा आणि बेल लॅब्जच्या पुढे काय सरकलं ते बघा. नोल्टनच्या हिशेबात एका चिन्हाला एकच वजन होतं. इथे प्रत्येक अक्षराचे चार तुकडे केले आहेत, दोन वर, दोन खाली, आणि प्रत्येक तुकड्याचा उजेड वेगळा मोजला आहे. आडव्या खालच्या रेघेचं वजन तळाशी. अवतरण चिन्हाचं माथ्याशी. तिरक्या रेघेचं दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत. चित्रात गालाची कड तिरकी जात असेल तर प्रोग्राम तिथे नुसतं मध्यम काळपट अक्षर टाकत नाही, तिरकी रेघ शोधून आणतो. त्यामुळे ८० घरांच्या ओळीतून १६० ठिपक्यांचा तपशील निघतो. शिवाय तेच अक्षर मंद, साधं, ठळक आणि उलट्या रंगात दाखवून छटा वाढवल्या आहेत. एखाद्या घराला हवा तेवढा उजेड नेमका मिळाला नाही तर उरलेली चूक शेजारच्या घरांवर ढकलली जाते आणि बेरीज जुळते.

एएलिब सगळ्यांना मोकळी आहे, म्हणून थोड्याच वर्षांत ती भलभलत्या ठिकाणी शिरते. ‘क्वेक’ हा धडाधड गोळ्या झाडायचा खेळ कुणीतरी अक्षरांत खेळतो. ‘एमप्लेअर’ नावाचा व्हिडिओ प्लेअर तिला आपल्यात घेतो आणि हवी ती फिल्म अक्षरांत चालते. १९६६ साली एका चित्राला मोठं यंत्र आणि साहेबांची गैरहजेरी लागली होती. आता सेकंदाला पंचवीस चित्रं, तीही झोपायच्या खोलीत.

याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, सायमन यान्सन नेमकं उलट करतोय. ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा अक्षरांत, पण सॉफ्टवेअरनं न बदलता, फ्रेम फ्रेम हातानं टाइप करून. त्याची माणसं म्हणजे दोन कंस, एक ठिपका, एक रेघ. पुढे लोक ‘टेलनेट’ या मजकुरी जोडणीनं एका डच सर्व्हरला जोडून टर्मिनलमध्ये ते बघतील. यान्सनचं पात्र जवळूनही ओळखू येतं, कारण त्यानं अक्षरांचे आकार वाचून वापरलेत. हुबिच्काचा चेहरा दुरूनच जमतो. दोन्हींना लोक ‘ॲस्की’ या एकाच नावानं ओळखतात, तरी कारागिरी दोन वेगळ्या आहेत.

१९९८ : ल्युब्ल्याना, स्लोव्हेनिया

ल्युडमिला या डिजिटल प्रयोगशाळेत या. कलावंत वुक चोसिच आणि प्रोग्रामर लुका फ्रेलिह काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत सिनेमाचा इतिहास लावून बसलेत. लुमिएर बंधूंची फीत, आयझेनस्टाइनचा एक प्रसंग, ‘किंग काँग’, ‘सायको’, ‘स्टार ट्रेक’. ‘डीप थ्रोट’ हा गाजलेला, बदनाम सिनेमा तर त्यांनी जवळपास सबंध अक्षरांत उतरवला आहे. बेल लॅब्जच्या भिंतीनंतर तीस वर्षांनी पुन्हा उघडी शरीरं आणि पुन्हा अक्षरं. यावेळी लपवाछपवी नाही.

लुमिएरची फीत चालू होते तेव्हा एक तारीख मनात येऊ द्या: ७ जुलै १८९६. त्या दिवशी मुंबईत वॉटसन हॉटेलात लुमिएरच्या माणसांनी हिंदुस्थानातला पहिला सिनेमा दाखवला होता. तिथल्या प्रेक्षकांपुढे प्रश्न होता की चित्र हलतं कसं. तुमच्यापुढे प्रश्न आहे की इतकं कमी दाखवूनही ते दिसतं कसं.

फ्रेलिहला फिल्म थांबवायला सांगा. थांबली. पडद्यावर अक्षरांचा चिखल. माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, सांगता येत नाही. आता चालू करा. पहिल्या पावलालाच माणूस सुटा होतो. मधल्या क्षणात एकही अक्षर वाढलेलं नाही. फक्त वेळ मिळाला.

याचं उत्तर स्वीडनमध्ये पंचवीस वर्षांपूर्वीच सापडलं होतं. उप्सालाच्या गुन्नार योहानसननं माणसांच्या खांद्या-कोपरांना, गुडघ्या-घोट्यांना छोटे दिवे लावले आणि अंधारात त्यांचं चित्रण केलं. १९७३ सालच्या त्याच्या निबंधात निष्कर्ष आहे. स्थिर चित्रात डझनभर विस्कळित ठिपके. हलायला लागले की क्षणात चालणारा माणूस. त्याच वर्षी आपला लिऑन हार्मन वेगळ्या बाजूनं तिथेच पोचला होता. त्यानं अब्राहम लिंकनचा चेहरा मोजक्या मोठ्या चौकोनांत मोडून दाखवला. डोळे किलकिले केले की चौकोनांच्या टोकदार कडा पुसल्या जातात आणि लिंकन समोर येतो. अक्षरांच्या फिल्मला दोन्ही लागू पडतं. अक्षराच्या कडा मेंदूला वाचनाकडे ओढतात. दूर जाऊन, डोळे बारीक करून किंवा चित्र हलवून ती ओढ तोडावी लागते. चित्र पडद्यावर अर्धंच असतं. उरलेलं अर्धं बघणारा पुरवतो, आणि हालचाल असली की तो जास्त उदार होतो.

२००८ : एक ऑफिस, कुठल्याही शहरातलं

क्युबिकलमध्ये बसा. इथे व्हिडिओच्या साइट बंद आहेत, फायरवॉल अडवते. मात्र ई-मेलला जोडलेली एक्सेल फाइल निर्धास्त आत येते, कारण एक्सेलशिवाय ऑफिस चालेल कसं? शेजाऱ्यानं नुकतीच एक फाइल पाठवली आहे. उघडा. बटण दाबा. स्प्रेडशीटच्या घरांत ॲस्की अक्षरं थरथरतात, गिटार दिसतं, गायक दिसतो. ‘एसी/डीसी’ या बँडच्या ‘रॉक अँड रोल ट्रेन’ गाण्याचा हा अधिकृत व्हिडिओ, खास ऑफिसच्या फायरवॉलमधून निसटावा म्हणून एक्सेलमध्ये बसवलेला.

आतापर्यंतचे थांबे आठवले तर यातलं सूत्र दिसेल. टर्मिनलच्या तारेतून फक्त अक्षरं जात होती, म्हणून पोरांनी चित्रांना अक्षरांचा वेष दिला. फायरवॉलमधून फक्त आकडेमोड जात होती, म्हणून गाण्यानं हिशेबाच्या वहीचा वेष घेतला. मजकुराला पहारेकरी सहसा अडवत नाहीत.

तोवर घरच्या कॉम्प्युटरवर तर हे खेळणं झालं आहे. फ्रेंच प्रोग्रामर सॅम होसव्हारच्या ‘लिबकाका’नं अक्षरांना रंग दिले. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जन्मलेल्या ‘व्हीएलसी’ प्लेअरच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुटच्या यादीत रंगीत ॲस्कीचा पर्याय दिसू लागला. तुमच्या लॅपटॉपवर व्हीएलसी असेल, तर हा पर्याय आजही तिथे सापडण्याची शक्यता मोठी आहे.

आज : तुमचं टेबल

आता तुम्ही स्वतः करा. फोनमधली दहा सेकंदांची क्लिप घ्या. निवडताना एवढंच बघा की मागची पार्श्वभूमी मोकळी आहे, आकृती ठसठशीत आहे आणि ती हलते आहे. लग्नाच्या हॉलमधली गर्दी अक्षरांत गेली की राबडी होते. आकाशापुढे उडी मारणारं एकटं पोर झकास उतरतं. जगभरच्या हौशी लोकांनी ‘बॅड ॲपल’ हा २००९ सालचा जपानी सावल्यांचा व्हिडिओ टर्मिनलपासून नाही नाही त्या यंत्रांवर चालवला, त्याचं एक मोठं कारण हेच. त्यात सगळं काळं आणि पांढरं, कडा स्वच्छ.

‘एफएफएमपेग’ या मोफत प्रोग्रामनं क्लिपच्या फ्रेमा सुट्या करा. मग आकार. टर्मिनल आता कॉम्प्युटरमधलीच एक खिडकी आहे; तिच्यातलं अक्षराचं घर रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतं. हे विसरलात तर माणसं ताडमाड दिसतात. सोळास नऊ प्रमाणाचा व्हिडिओ ८० घरं रुंद हवा असेल तर उंची निघते ४५, तिची निम्मी करा, साधारण २२ ओळी. जुन्या व्हीटी-१०० च्या २४ ओळींत आरामात मावेल. मग रंगांचा उजेड काढा: लालचा ०.२९९, हिरव्याचा ०.५८७ आणि निळ्याचा ०.११४ असा वाटा. हिरव्याला सर्वात मोठा वाटा, कारण आपल्या डोळ्याला तोच सर्वात उजळ वाटतो.

मग अक्षरांची उतरंड लावा. रिकामी जागा, ठिपका, दोन ठिपके, उणे, बरोबर, अधिक, चांदणी, #, @. इथे बहुतेक नवखे फसतात. कागदावर @ सर्वात काळं. काळ्या टर्मिनलवर तेच सर्वात उजळ. उतरंड उलटी केली नाही तर पोराचे दात काळे आणि केस पांढरे निघतात.

चालवून बघा. उडी जमली, पण आकाश खदखदतंय. कॅमेऱ्यातल्या बारीकशा गोंगाटानं उजेड किंचित वरखाली होतो आणि दर फ्रेमला ठिपक्याचे दोन ठिपके, दोन ठिपक्यांचं उणे होत राहतं. उपाय १९८२ च्या खोलीतून उचला: बदल दखल घेण्याजोगा असेल तरच घरातलं अक्षर बदला, एरवी जुनंच राहू द्या. आकाश स्थिर होईल. दर फ्रेमला स्क्रीन पुसू नका, नाहीतर लुकलुकेल. कर्सर वरच्या कोपऱ्यात नेऊन जुन्यावरच नवं लिहा. टर्मिनल अजूनही व्हीटी-१०० चेच हुकूम पाळतो, शब्दशः तेच.

आता साहजिक इच्छा होईल ती पुरी करा. मराठीत चालवा. जगातल्या लिप्यांना एकाच तक्त्यात जागा देणाऱ्या युनिकोडमुळे तक्त्याची अडचण राहिलेली नाही. क, ख, ग यांची शाई मोजा आणि उतरंडीत लावा. पहिली फ्रेम येते आणि आडव्या रेघाच रेघा. शिरोरेषा! शेजारची अक्षरं हातात हात धरून उभी राहतात आणि प्रत्येक ओळीवर एक पट्टी ओढली जाते. पोराची उडी गजांमागे. दुसरी अडचण घरांची. टर्मिनल एका चिन्हाला एक घर देऊ पाहतो, पण ‘क्ष’ हे दिसायला एक अक्षर आतून तीन संकेतांचं आहे. फाँटप्रमाणे कधी घरं मोजण्यात चूक होते, कधी अक्षर शेजाऱ्याच्या अंगावर जातं आणि पूर्ण ओळ सरकते.

हात टेकू नका. देवनागरीतच उत्तर आहे: अंक. ० ते ९ यांना शिरोरेषा नाही, जोडाक्षरं नाहीत, प्रत्येकाचा संकेत एकच. सोबतीला हलक्या छटांसाठी ठिपका आणि दंड घ्या. तुमच्या फाँटमध्ये प्रत्येक अंकाची शाई मोजून क्रम लावा. हा क्रम फाँटागणिक बदलतो, म्हणून दुसऱ्याचा उचलू नका. पट्ट्या जातात. पोर मराठी आकड्यांमधून उडी मारतं.

सरतेशेवटी फाइल जपून ठेवायची वेळ येते. आकार अगदीच लहान: २४ ओळींची पूर्ण स्क्रीन धरली तर १,९२० अक्षरांची एक फ्रेम, सेकंदाला २५, दहा सेकंदांच्या २५० फ्रेमा, ॲस्कीत असती तर ४,८०,००० बाइट. देवनागरी अंकाला युनिकोडच्या युटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट लागतात, म्हणून जास्तीत जास्त तिप्पट. कुठलाही टेक्स्ट एडिटर ती उघडेल.

मात्र आधी खिशातली १९८२ सालची फाइल काढून याच टर्मिनलवर चालवा. उघडते, बिनतक्रार. चाळीसहून जास्त वर्षांनी प्रत्येक अक्षर आपापल्या घरात जातं. पण ठिपका चढताना दिसत नाही, फुटताना दिसत नाही. एंटर दाबताच सगळी आतषबाजी संपलेली असते. लिहिणाऱ्यानं गृहीत धरलेली तार आता नाही. आतषबाजीला पुन्हा ९,६०० बॉडचा लगाम घालाल तेव्हाच ती फुलेल. अक्षरं टिकली, आकार टिकले, वेळ मात्र कुणी लिहून ठेवला नव्हता.

तेव्हा तुम्ही लिहा. ‘ॲस्किनेमा’ हा मोफत प्रोग्राम टर्मिनलवरचा प्रत्येक बदल नोंदताना त्याची वेळही त्याच ओळीत नोंदतो, तेही साध्या मजकुरात. तो वापरा, नाहीतर स्वतःच्या फाइलच्या माथ्यावर एक ओळ घाला: सेकंदाला २५ फ्रेमा, ८० घरं, २२ ओळी, काळी पार्श्वभूमी. चाळीस वर्षांनंतरच्या यंत्राचा वेग काय असेल, याचा अंदाज बांधत बसू नका. ओळ लिहा, फाइल सेव्ह करा आणि कुणाला तरी पाठवून द्या.